प्रेमिलाताईंच्या पडद्यावरचा बाण

मी बाण बोलतोय. कॉम्प्युटरचा माउस हलवला की पडद्यावर हलणारा तो तिरका, पांढरा, काळ्या कडेचा बाण. कोणी मला कर्सर म्हणतं, कोणी पॉइंटर. नागपुरात इंदोऱ्याच्या ज्या घरात माझं बहुतेक आयुष्य गेलं, तिथे मला अ‍ॅरो म्हणतात. "अ‍ॅरो कुठी गेला?" हा प्रश्न त्या घरात कितीदा विचारला गेला याची गणती नाही. तो प्रश्न कसा सुरू झाला आणि त्याचं उत्तर काय निघालं, ते सांगतो.

माझा जन्म सीताबर्डीच्या एका दुकानात झाला. कारागिराने डबा जोडला, वायरी खोचल्या, बटण दाबलं. पडदा काळा होता, मग निळा झाला आणि मधोमध मी उगवलो. "आला अ‍ॅरो. चालू झाली मशीन," तो गिऱ्हाइकाला म्हणाला. जन्मल्या जन्मल्या एवढं कौतुक वाट्याला आलं, म्हणून मी हुरळून गेलो होतो.

पहिला मालक धरमपेठेतला आयुष. त्याने मला खेळांमध्ये नुसतं पळवलं. मग त्याला लॅपटॉप मिळाला, आणि आमचा डबा पलंगाखाली गेला. तिथे मी नव्हतोच म्हणायचं. वीज नाही तर मशीन नाही, आणि मशीन नाही तर मी नाही. पुन्हा डोळे उघडले तेव्हा समोर चष्मा लावलेली, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एक बाई बसली होती. त्या प्रेमिलाताई. त्यांनी हा डबा जुना म्हणून विकत घेतला होता आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत डीटीपीचं दुकान मांडलं होतं.

लग्नाच्या पत्रिका, विहारातल्या कार्यक्रमांची पत्रकं, कोणी वारल्यावरच्या पुण्यानुमोदनाची कार्डं, कॉलेजच्या मुलांचे प्रबंध, असं सगळं त्या करत. तरुणपणी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, त्यामुळे बोटांकडे कधी बघायच्या नाहीत. उजवा हात मध्येच माउसवर यायचा. सुई धरावी तसा त्या माउस धरायच्या. एखादी वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटली तर मला तिथे नेऊन ती केसभर बाजूला करायच्या. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, एवढं कोन पाह्यते?" त्या म्हणायच्या, "मी पाहते न."

माणसांच्या सवयी मला हातावरून कळतात. चिडलेला माणूस मला गदागदा हलवतो. काळजीत असलेला माणूस उगाचच ओळी निळ्या करतो, पुन्हा पांढऱ्या करतो. प्रेमिलाताई विचारात पडल्या की मला पूर्णविरामाशेजारी उभं करून ठेवायच्या आणि चहाचा घोट घ्यायच्या. मला ते आवडायचं. थांबायला जागा मिळायची.

त्यांचे यजमान नागसेन एसटीच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करतात. संध्याकाळी घरी आले की दुकानातल्या स्टुलावर बसून दिवसभराचं सांगायचे. मुलगी मेघा बीएड करते. तिघांचं बरं चाललं होतं.

मी पहिल्यांदा हरवलो तो उन्हाळ्यात, आणि तेव्हा खरोखरच हरवलो होतो. कॉम्प्युटरने स्वतःहून काही नवीन भरून घेतलं, बंद होऊन चालू झाला, आणि पडद्यावर मी नव्हतो. माउस हलत होता, क्लिक लागत होते, पण कुठे लागतायत ते कोणालाच दिसत नव्हतं. एप्रिलचे दिवस, जयंतीची पत्रकं अर्धवट पडलेली. ताई रडकुंडीला आल्या.

नागसेननी सुशीलला बोलावलं. सुशील धरमपेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. स्वभावाने शांत, पोटाने सुटलेला माणूस. त्याने कीबोर्डवरूनच काम चालवलं, चित्र दाखवणाऱ्या भागाचा बिघडलेला प्रोग्राम काढून चांगला टाकला. मी परत आलो. टाइप करताना मला लपवायची एक खूण सेटिंगमध्ये असते, तीही त्याने काढून टाकली.

"आता नाही जात हा कुठी," तो म्हणाला. ताईंनी त्याला सरबत दिलं. त्या दिवसापासून माझं हरवणं हे सुशीलचं काम ठरलं. पुढे जे झालं त्याची सुरुवात इथे झाली, असं मला वाटतं. एकदा बिघाड मशीनमध्ये सापडला की माणसं पुढचा प्रत्येक बिघाड मशीनमध्येच शोधतात.

दुसऱ्यांदा मी हरवलो तो अशोक विजयादशमीच्या आधी. विहाराची वंदनेची पुस्तिका चालली होती. ताई पानाच्या मध्यावर बघत होत्या आणि मी डाव्या समासापाशी, ओळीच्या तोंडाशी उभा होतो.

"अहो," त्यांनी आत हाक मारली, "अ‍ॅरो पुन्हा गेला."

मी गेलो नव्हतो. त्यांच्या समोर होतो. त्यांनी माउस जोरात हलवला, मी पानभर सैरावैरा धावलो आणि मधोमध येऊन थांबलो.

"हा पाहा, आला," त्या म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. नागसेननी नवीन माउस आणला. काही फरक पडला नाही. त्यांनी माउसखालची गादी बदलली, माउसच्या पोटातला लाल दिवा कापसाने पुसला. सुशील आला. त्याने मला मोठा केला. थोडे दिवस बरे गेले. मग मी मोठा असूनही हरवायला लागलो. त्याने माझ्यामागे शेपूट लावलं, म्हणजे मी हललो की माझ्या सावल्या मागोमाग पळायच्या. मग कंट्रोलचं बटण दाबलं की माझ्याभोवती गोल उमटतील असं केलं. मग मला काळा केला. शेवटी पोपटी केला आणि इतका फुगवला की माझ्याखाली अख्खा शब्द झाकला जायचा. जत्रेतल्या सोंगासारखा मी त्या पडद्यावर फिरत होतो, आणि ताई मला शोधत होत्या.

"ताई, मले तर दिसून राहिला," सुशील म्हणाला. "हा काय, इथंच तर हाय."

"आत्ता हाय. मी पाहते तवा नसते."

नागसेन स्टुलावर बसले होते. ते हसून म्हणाले, "मले दिसते, सुशीलले दिसते. तुयावरच रुसला का वं तो?"

तिघंही हसले. मी तिथे होतो, पोपटी, तळहाताएवढा. मला वाटलं, आता हे लोक ताईंकडे बघतील. पण त्यांनी पुन्हा माझ्याकडेच बघितलं. सुशीलने पडदाही बदलून दिला.

मी मात्र त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचा चेहरा हळूहळू एका बाजूला वळायला लागला होता. सरळ बसून काम करणारी बाई मान तिरकी करून बसायला लागली. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा कप त्यांनी दोनदा-तीनदा सांडला. एकदा मेघा डाव्या बाजूने येऊन उभी राहिली, तर त्या दचकल्या. "केव्हाची आली वं तू? सांगाचं न." मेघा म्हणाली, "आई, मी बोलून राहिली तुझ्यासंग."

त्या चष्म्याच्या दुकानातही जाऊन आल्या होत्या. तिथे समोरच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. दुकानदार म्हणाला, नंबर थोडासा वाढला, बाकी नजर झक्कास. नवीन चष्मा आला. मी हरवतच राहिलो.

थंडीत लगीनसराई लागली. काटोलचे रुपराव आले. संत्र्याचा व्यापार करणारे, बोलके गृहस्थ. ज्या प्रेसमध्ये पत्रिका छापायची होती, त्या प्रेसवाल्याने त्यांना प्रेमिलाताईंचं नाव सांगितलं होतं. त्यांच्या काजलचं लग्न विक्रम नावाच्या मुलाशी ठरलं होतं. मुलाच्या वडिलांचं, मनोहररावांचं, धंतोलीच्या एका दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांनीच हट्ट धरला होता की लग्न लांबवायचं नाही.

"व्याही म्हनते, मी उभा राहून अक्षता टाकीन," रुपराव सांगत होते. "तवा कार्ड असं झालं पाह्यजे ताई, का त्यायले पाहूनच बरं वाटलं पाह्यजे."

ताईंनी एक जुनी पत्रिका उघडली आणि तिच्याच साच्यात नवीन नावं भरायला घेतली. सगळेच असं करतात. त्या जुन्या पत्रिकेत मुलाचे वडील वारलेले होते, म्हणून त्यांच्या नावाआधी 'स्व.' होतं. ताईंनी मला त्या ओळीवर आणलं. जुनं नाव निळं केलं, पुसलं, तिथे 'मनोहरराव' टाइप केलं. मी त्या 'स्व.'ला अगदी खेटून उभा होतो. माझी शेपूट त्याच्यावर होती. ताईंची नजर नावावर होती, आणि नावाच्या डावीकडचं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिथे काळोख दिसला असता तर त्यांना कळलं असतं. काळोखही नव्हता. कोरा कागदच दिसत होता.

त्यांनी पत्रिका वरून खाली पुन्हा पुन्हा वाचली. मग रुपरावांच्या मोबाइलवर पाठवली. रुपरावांनी 'ओके ताई' म्हणून उत्तर धाडलं. पत्रिका छापून झाल्या, वाटून झाल्या.

आणि एका दुपारी रुपराव पुन्हा दारात उभे राहिले. काटोलच्या बसने आले होते. गळ्यात मफलर तसाच होता. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पत्रिका काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"वाचा."

ताईंनी पत्रिका हातात घेतली. "मनोहरराव यांचे ज्येष्ठ चिरंजीव."

"पुन्हा वाचा."

"मनोहरराव यांचे ज्येष्ठ चिरंजीव. काय झालं भाऊ? नाव चुकलं का?"

"त्याच्या आधी काय हाय?"

"आधी? आधी काई नाई."

रुपरावांचा चेहरा बदलला. आतापर्यंत ते दुखावलेले होते. आता संतापले. त्यांना वाटलं, ही बाई आपल्या तोंडावर खोटं बोलतेय.

"काई नाई? बाई, माझी इहीन कार्ड वाचून खाली बसली. अजून तिचा नवरा पलंगावर हाय, नळ्या नुकत्याच काढल्या, अन् तुमी त्याले स्वर्गवासी करून टाकलं. अन् मले सांगता काई नाई?"

ताईंनी पत्रिका डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, मान वळवली. तेव्हा कुठे ते जोडाक्षर त्यांना दिसलं.

"हे... हे कुठून आलं?"

"तुमीच लिवलं!"

त्यांनी घाईघाईने कॉम्प्युटरवर पत्रिका उघडली. रुपराव पुढे झाले आणि त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. 'स्व.' तिथेही होतं. मी बरोबर त्याच्या बाजूला होतो, पोपटी, शेपटीसकट.

"भाऊ, मी बुद्धाची शपथ घेऊन सांगते, मले हे दिसलं नाई. ही मशीनच बिघडलेली हाय. अ‍ॅरो बी दिसत नाई हिच्यात. कितीदा दुरुस्त केली..."

रुपरावांनी काचेवरचं बोट मागे घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मीबी पाह्यलं नाई. पोरीचं नाव तेवढं पाह्यलं अन् ओके करून देल्लं. ते माझं चुकलं. पन तुमचं तर हेच काम हाय न, ताई? घरोघरी जाऊन कार्ड परत मागून राहिलो मी. लोकायले काय सांगू?"

ते गेले. जाताना टेबलावरची ती पत्रिका उचलून खिशात घातली. इथे सोडायचीही त्यांना भीती वाटली असावी.

त्या दिवशी नागसेन ताईंना टाकून बोलले. "मशीनवर काहून ढकलते? ध्यान कुठी असते तुयं?" नंतर कितीतरी दिवस ताई प्रत्येक शब्दापाशी मला नेऊन थांबवायच्या, जणू मी काठी आहे आणि त्या चाचपत चालल्या आहेत. एक पान करायला अर्धा दिवस जायला लागला. काम कमी झालं. रुपरावांची गोष्ट प्रेसवाल्याच्या तोंडून बाजारभर झाली होती.

एक दिवस दुपारी त्या एकट्याच होत्या. उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि तळहाताने उजवा डोळा झाकून चोळायला लागल्या. मध्येच थांबल्या. हात डोळ्यावर तसाच राहिला.

त्यांचा डावा डोळा उघडा होता आणि माझ्याकडे रोखलेला होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. कशाकडेच बघत नव्हता.

त्यांनी हात काढला. पुन्हा झाकला. मग डाव्या हाताने उजवा डोळा झाकून ठेवला आणि उजवा हात माउसवर ठेवला. मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं. पुन्हा उलटं आणलं. डावा डोळा हलला नाही. मग त्यांनी हात बदलला. डावा डोळा झाकून उजव्याने बघितलं आणि मला पुन्हा फिरवलं. मध्यावर आलो तेव्हा बाहुली माझ्यावर स्थिर झाली. मी थोडा डावीकडे सरकलो आणि तिच्या हातून सुटलो. वर गेलो, सुटलो. मध्यावर आलो, सापडलो. इतके महिने सगळ्यांनी मिळून मला तपासलं होतं. त्या दुपारी त्यांनी मला हातात धरून स्वतःला तपासलं.

त्या रडल्या नाहीत. खुर्चीतच बसून राहिल्या. बाहेरून भाजीवाल्याची हाक आली आणि पुढे निघून गेली. नागसेन कामावरून आले तेव्हा पडदा झोपला होता आणि खोलीत दिवा नव्हता.

"काय झालं वं? लाइट गेली का?"

"मशीन चांगली हाय," ताई म्हणाल्या. "माझा डोळा गेला."

पुढचं मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. धंतोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ताई आणि नागसेन गेले. तिथे ताईंना एका मोठ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं आणि हातात एक बटण दिलं. आत दिवे चमकतील, दिसला दिवा की बटण दाबायचं.

"मी वाट पाहत बसली," ताई मेघाला सांगत होत्या. "मले वाटलं, अजून चालूच नाई केली मशीन. मी म्हटलं, मॅडम, सुरू करा न. तर त्या म्हणाल्या, केव्हाचे लागून राहिले दिवे, ताई."

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि मधली शेवटी राहते, म्हणून चष्म्याच्या दुकानातल्या पाटीवरची अक्षरं दिसली होती. डाव्या डोळ्याचं फारसं काही उरलं नव्हतं. उजव्यात मधला एक तुकडा राहिला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. रोज थेंब घालायचे, जन्मभर.

"अन् विचारलं त्यायनं, घरात कोनाची नजर गेली होती का," नागसेन म्हणाले.

ताईंचे वडील, धोंडबा. शेवटची वर्षं ते भिंतीला हात लावून चालायचे. हाक मारणाऱ्याचं तोंड शोधत राहायचे. सगळे म्हणायचे, वय झालं. ते गेले तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, की वयाचा त्यात काही संबंध नव्हता.

"म्हातारपण समजलो आपन," ताई म्हणाल्या. "मी त्यायच्यावर खेकसत होती. पाहून चाला म्हनत होती."

नागसेन स्टुलावर डोकं धरून बसले. "मी ब्रेकचा आवाज ऐकून सांगतो, कोनत्या चाकाचं लायनर गेलं. अन् तू रोज माझ्यासमोर बसून... मी हसलो वं. रुसला म्हटलं."

"मलेच नाई समजलं. तुमाले कसं समजन?"

त्या घरातलं सगळ्यात प्रेमाचं बोलणं मी त्या दिवशी ऐकलं, आणि त्याने कोणालाच बरं वाटलं नाही.

सुशील येऊन गेला. दारातच उभा राहिला. "ताई, मी नुसता मोठा करत गेलो त्याले," एवढंच बोलला. त्यालाही सरबत दिलं. तो प्यायला नाही.

नागसेनना वाटत होतं, रुपरावांना फोन करून खरं काय ते सांगावं. ताईंनी फोन करू दिला नाही.

"काय सांगान? आंधळी होत होती, म्हनून माफ करा? त्या बाईनं ते अक्षर वाचलं न. ते पुसल्या जाते का?"

लग्न झालं का, मनोहरराव अक्षता टाकायला उभे राहिले का, हे मला माहीत नाही. काटोलहून पुन्हा कोणी आलं नाही.

मग मेघाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनीच तिला आणायला सांगितलं होतं. तिची नजर शाबूत निघाली, पण दाब वाढलेला होता. तिलाही थेंब लागले. आता रोज सकाळी दोघी माझ्यासमोर बसतात. मेघा आधी आईची मान मागे करून तिच्या डोळ्यांत थेंब टाकते, मग स्वतःच्या. दोघी डोळे मिटून, तोंड वर करून गप्प बसतात. बाहेर रस्त्यावर ऑटो जात असतात. त्या वेळी खोलीत मी एकटाच डोळे उघडे ठेवून असतो.

पत्रिकांचं काम बंद झालं. दुकानाच्या दारावरचा फलक नागसेननी उतरवला आणि त्यावर फक्त 'मराठी टायपिंग' एवढं लिहून आणलं. सुशीलने कॉम्प्युटरमध्ये वाचून दाखवणारा आवाज बसवला. ताई एक शब्द टाइप करतात, आवाज तो म्हणून दाखवतो. लोक समोर बसून मजकूर सांगतात आणि ताईंची बोटं पूर्वीसारखीच धावतात. बोटांना डोळ्यांचं काही कळलेलं नाही. पान मांडायचं, सजवायचं काम दुसऱ्या कोणाकडे जातं. वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटली तर आता ते कोणाच्या लक्षात येतं का, कोण जाणे.

सुरुवातीला त्या मला शोधायच्या. उजव्या डोळ्यातल्या त्या तुकड्याने पडदा विंचरून काढायच्या. सापडलो की मान हलवायच्या. पुढे पुढे शोधणं थांबलं. आवाज असला की माझी गरज पडत नाही. उलट अडचणच होते. साडीचा पदर माउसला लागतो, मी भलतीकडे जाऊन पडतो, एखादा क्लिक होतो, आणि आवाज भलतंच काहीतरी वाचायला लागतो. ताई गोंधळतात. गिऱ्हाईक समोर खोळंबतं. काल तर एका मुलीचा अर्धा प्रबंध माझ्यामुळे मिटला. परत आणला मेघाने, पण ताई घामाघूम झाल्या होत्या.

"आई, माउस काढूनच टाक न," मेघा म्हणाली. "तुले लागतेच कुठी तो?"

माउसच नसला तर हा कॉम्प्युटर मला पडद्यावर रेखाटत नाही. अशी त्याची रीतच आहे. पडदा चालू राहील, ताईंची अक्षरं उमटत राहतील, मी तेवढा नसेन. त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी मी दिसायचो त्यांनाच मी दिसत नसेन, तर माझ्या असण्याचा हट्ट मी कशासाठी धरायचा?

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्याही पडद्यावर माझा एखादा भाऊ असेल. तो हरवला तर वायर बघा, सेल बघा, सेटिंग बघा, कोणा सुशीलला बोलवा. हे सगळं करा. पण तुमच्या घरात तो एकाच माणसाला दिसत नसेल आणि बाकीच्यांना दिसत असेल, तर हसू नका. त्या माणसाला खुर्चीत बसवा, एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. आणि त्याच्याकडे नीट बघा. मला बोलता आलं असतं तर मी हे तेव्हाच सांगितलं असतं.

आत्ता सकाळचे थेंब घालून झालेत. मेघा कॉलेजात गेलीय. ताई खुर्ची मागे सारून खाली वाकल्या आहेत. डब्याच्या मागे हात घालून वायरी चाचपतायत. पहिली हाताला लागली ती कीबोर्डची. तिच्यावर बोटं फिरवली आणि सोडून दिली. दुसरी प्रिंटरची, जाड. तीही सोडली. तिसरी पातळ आहे. ती दोन बोटांत धरून त्यांनी हलकेच ओढून बघितली, आणि मी पडद्यावर थरथरलो.

"हीच असन," त्या स्वतःशी म्हणाल्या.

हो ताई. हीच.